बारा वाचल्या?

बाई मनगट धरायच्या. ओरडणं नाही, छडी नाही. तुमचं बोट चुकीच्या बटणावर पडायच्या बेतात आलं की मागून दोन बोटं यायची आणि मनगटावर टेकायची, डॉक्टर नाडी बघतात तशी. मग कानाशी दोनच शब्द: "आधी कागदावर."

डोंबिवली पश्चिमेला, पिठाच्या गिरणीच्या वर पहिल्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. अकरा मशीनं, एक फळा, आणि मागच्या खोलीत बाईंचा एकटीचा संसार. खाली गिरणी सुरू झाली की आमची जमीन थरथरायची. आम्ही ठोकायला लागलो की गिरणीवाला खालून ओरडायचा, "बाई, तुमच्या पोरींमुळे पीठ जाडं येतंय!" बाई खिडकीतून वाकून म्हणायच्या, "थालीपीठ करा."

तुमच्यापैकी निम्म्यांनी असा क्लास केला असेल. पोरगी दहावी झाली, घरात नुसती बसलीय, टाका टायपिंगला. मलाही तशीच टाकली. आमचं गाव कोपरच्या पुढे, खाडीच्या काठाला. आजाची होडी, बापाची जाळी, आणि सकाळी आईबरोबर कोलंबी सोलून मी थेट क्लासात. पहिल्याच आठवड्यात शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून उठली. "बाई, मला दुसरं मशीन द्या. इथे वास येतो."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातलं घे."

मी मनातल्या मनात पेटले. नंतर कळलं, कोपऱ्यातल्या मशीनचा 'ई' अडकायचा, आणि उमटलाच तर जरा वर उडायचा. ती मुलगी महिनाभर दर तिसऱ्या शब्दाला बोटाने 'ई' सोडवत बसायची. मग स्वतःच परत माझ्या शेजारी आली. बाईंनी ना तेव्हा भाषण दिलं, ना नंतर. मी असते तर दिलं असतं. आता रोज देते, तेच माझं काम आहे.

टायपिंगच्या मशीनवर खोडता येत नाही, ही बाईंची सगळी शिकवण. तक्ता टाईप करायचा तर आधी चौकडीच्या कागदावर प्रत्येक रकान्याची अक्षरं मोजायची, मधल्या जागा मोजायच्या, कडेचा समास सोडायचा, बेरीज करायची, आणि मगच कागद रुळात घालायचा. मला हा प्रकार असह्य व्हायचा. मी ठोकत सुटायचे आणि शेवटचा रकाना कागदाबाहेर जायचा. बाई तो कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरायच्या. "छान. उरलेलं टेबलावर टाईप केलंस का?"

पुढे मी खाडी वाचवायच्या कामात पडले. वरच्या अंगाने येणारं कारखान्यांचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस हिरवं. मासे पोट वर करून तरंगतायत आणि साहेब लोक म्हणतात, तक्रार लेखी द्या. दिली. पत्रकंही काढली. पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानाने बाईंना दाखवायला नेलेलं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि उद्गारचिन्हांना गोल करायला लागल्या. एकवीस निघाली.

"आमच्या इंग्रजी मशीनवर हे चिन्हच नाही, आठवतं ना?" बाई म्हणाल्या. "वरचा स्वल्पविराम मारायचा, एक घर मागे यायचं, खाली टिंब मारायचं. एका उद्गाराला तीन ठोके. त्यामुळे माणूस विचार करायचा, की बाबा, खरंच एवढं ओरडायचंय का? तुला फुकट मिळालीत म्हणून उधळतेस."

"बाई, मासे मेलेत!"

"बघ. आत्ता बोललीस ते खरं होतं. तिथे एक दे. बाकीची वीस परत कर."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा टायपिंगला पोरी येईनाशा झाल्या. बाईंनी अकरातली चार मशीनं काढली आणि दोन कॉम्प्युटर आणले. क्लासच्या पाटीवर त्यांनी 'व संगणक' एवढंच वाढवलं. स्वतः पुस्तकं आणून शिकल्या. म्हणजे चालू-बंद, पत्र, तक्ता, छपाई. पत्र टाईप करताना स्क्रीनकडे अजिबात बघायच्या नाहीत. नजर कागदावर, बोटं आपली आपण. "स्क्रीन पळून जात नाही," म्हणायच्या.

त्याच सुमाराला आमच्या संघटनेला कोणीतरी जुना लॅपटॉप दिला. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा. त्याचा चार्जर मी विठ्ठलवाडीला उतरून दोनदा दुरुस्त करून आणलेला. पण होता आमचा. तो मांडीवर घेऊन मी खाडीकाठच्या घराघरात बसले आणि सत्तेचाळीस माणसांच्या जबान्या घेतल्या. खाडीत काय मिळायचं, काय मिळेनासं झालं, कधीपासून. माणूस बोलेल तसं टाईप करायचं, सुधारायचं नाही. हेही बाईंचंच. नमुन्यात आहे तेच उतरवायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही.

माझ्या आजाचीही जबानी घेतलेली. तो तर मला सांगतच सुटलेला. "लिव. निवटी. बोय. जिताडा. काली चिंबोरी. लिवलंस? आता इचार, कुठं हाय? कुठं नाय. पानी बघ, रोज नवा रंग. आमी होली वर्साला एकदा खेलतो, यांची बारा महिने चालू हाय." त्या दसऱ्याच्या आधी आजा गेला. त्याच्यासारखी आणखी दोन म्हातारी माणसं त्याच वर्षात गेली.

जबान्या छापून, अंगठे घेऊन आम्ही सरकारी कार्यालयात दिलेल्या. तीन महिन्यांनी साहेब म्हणाले, गठ्ठा सापडत नाही. सापडत नाही! (बाई, हे एक राहू द्या.) सत्तेचाळीस माणसांचं आयुष्य एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाताना गळून पडलं आणि कोणाच्या चहाचा घोटसुद्धा चुकला नाही. झेरॉक्स काढायला हवी होती, हे आता मला कोणीही सांगू नये. मी स्वतःला पुष्कळ सांगून झालंय. आता त्या जबान्या उरल्या त्या फक्त लॅपटॉपमध्ये.

वर सुनावणीची तारीख लागली, दहा दिवसांवर. जबान्या पुन्हा आणा, आणि खाडीत कुठे काय सापडलं त्याचा नकाशा आणा. आमच्या ओळखीच्या एका संशोधकाकडे असा नकाशा काढणारा प्रोग्राम होता, पण तो फक्त लिनक्सवर चालायचा. जबान्यांचा मराठी फॉन्ट फक्त विंडोजवर. लॅपटॉप एकच. म्हणजे त्याच्या एकाच डिस्कचे दोन भाग करायचे, एकात हे, एकात ते, आणि मशीन सुरू करताना विचारेल तेव्हा सांगायचं, आज कोण हवंय. संशोधकाने मासिकाबरोबर आलेली एक सीडी दिली, काय काय करायचं ते चार पानांवर हाताने लिहून दिलं आणि तो कामासाठी परगावी निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "चुकलं तर डिस्कवरचं सगळं जाऊ शकतं हं."

मी ती चार पानं घेऊन बाईंकडे गेले. आम्हा दोघींनाही यातलं काही येत नव्हतं. पण पुसता न येणारं काम कसं करायचं हे डोंबिवलीत त्यांच्याइतकं कोणाला येत होतं?

"शुक्रवार सोडून कुठलाही दिवस," बाई म्हणाल्या. शुक्रवारी आमच्याकडे वीज नसते. रविवार ठरला.

मी सकाळी पोचले तर बाईंनी चौकडीच्या कागदावर डिस्क काढून ठेवलेली. शंभर घरांची एक लांब पट्टी. साठ घरं पेन्सिलने भरलेली, त्यावर 'जबान्या'. पस्तीस घरांवर 'नकाशा'. शेवटची पाच कोरी.

"ही पाच कशाला?"

"समास."

"बाई, डिस्कला कसला समास? जागा फुकट जातेय!"

"कडेपर्यंत टाईप करणाऱ्याचं शेवटचं अक्षर नेहमी बाहेर पडतं. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

आधी डिस्कवरचं सगळं सामान एका बाजूला सरकवायचं होतं, नाहीतर भाग करताना मधलं काहीतरी कापलं जाणार. ते काम मशीन स्वतःच करतं, आपण बघत बसायचं. स्क्रीनवर रंगीत चौकोन उचलले जातात, पुढे नेऊन ठेवले जातात. अडीच तास चाललं. बाई समोर बसून मटार सोलत होत्या आणि डोळे स्क्रीनवर. "कसे शहाण्यासारखे सरकतायत बघ. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला असं कोणी सरकत नाही."

मग जबान्या आणि फोटो फ्लॉप्यांवर उतरवायचे. बारा फ्लॉप्या लागल्या. त्या मी घरूनच आणलेल्या, जुन्याच, खाडीच्या खाऱ्या हवेत वर्षभर कपाटावर पडलेल्या.

"आता एकेक घालून वाच," बाई म्हणाल्या. "उतरवलं म्हणजे उतरलं असं नसतं. प्रत्येक जबानी उघडायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत जायचं." आणि त्या मागे चहा ठेवायला गेल्या.

मी वाचायला बसले. एक, दोन, तीन. फ्लॉपी सावकाश कुरकुरते. चार, पाच. मला चार वाजता गावात बैठकीला पोचायचं होतं. नवव्या फ्लॉपीला मी थांबले. नऊ चांगल्या निघाल्या म्हणजे उरलेल्या तीन काय वेगळ्या असणार?

आतून आवाज आला, "बारा वाचल्या?"

"बारा," मी म्हटलं.

खोटं बोलणाऱ्या साहेबांविरुद्ध मी पत्रकं काढते, हे ध्यानात असू द्या.

डिस्कचे भाग करणारा प्रोग्राम काळ्या स्क्रीनवर एक आकडा दाखवतो. बाणाच्या बटणाने आकडा कमी-जास्त करायचा. बाईंनी कागदावरच्या साठाव्या घराचा हिशोब आधीच करून ठेवलेला, मी तो आकडा आणला. मग तो विचारतो, डिस्कवर लिहू का? होय की नाही? माझं बोट होयवर गेलं आणि मनगटावर दोन बोटं आली.

"कागदावर काय आहे?"

मी आकडा वाचला.

"स्क्रीनवर?"

तोच.

बोटं उचलली गेली. मी होय दाबलं. झालं. एवढंच. मला वाटलेलं काहीतरी आवाज तरी होईल.

लिनक्सही नीट बसलं. नकाशाचा प्रोग्राम उघडला, काळ्यावर हिरवी खाडी आली तेव्हा मी टाळ्या पिटल्या. एकच काम राहिलं. मशीन सुरू होताना दोन्ही नावं विचारणारी यादी बनवायची. त्यासाठी एका फाइलीत दोन्ही भागांची नावं टाईप करायची. त्या मशीनच्या भाषेत जबान्यांच्या भागाचं नाव एच, डी, ए आणि मागे एकचा आकडा. टायपिंग म्हटल्यावर बाई खुर्चीत बसल्या. पाठ ताठ, नजर संशोधकाच्या कागदावर, बोटं धावली. मग हुकूम दिला.

स्क्रीनवर उत्तर आलं. इंग्रजीत, पण अर्थ सरळ होता. या नावाचं इथे काही नाही.

बाईंनी पुन्हा टाईप केलं. या नावाचं इथे काही नाही.

तिसऱ्यांदा. तेच.

जबान्यांचा भागच नाही म्हणजे? गेला? निवटी, बोय, जिताडा, सगळं?

"बाई, काय केलंत तुम्ही!" मी ओरडले. "तो साठचा आकडा! तुमच्या त्या चौकटी! सगळं कापलं गेलं!"

बाईंचा चेहरा उतरला. पण आवाज तसाच. "घाबरू नकोस. बारा फ्लॉप्या आहेत. बारा वाचल्यास ना तू?"

मी फ्लॉप्यांची चळत सरळ करायला लागले.

"वाचल्यास ना?"

"नऊ."

खाली गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती. मला वाटतं, बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि आजोबा कितव्यात?"

"बाराव्या."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि खुर्चीतून उठल्या. "बस. आता तू टाईप कर, मी वाचते. माझ्या बोटांचं आज काही खरं दिसत नाही, आणि तुझ्या तोंडाचं नाही. कागदाचं मात्र खरं आहे."

मी बसले. त्या मागे उभ्या राहून कागदावरून वाचू लागल्या. "एच."

मारलं.

"डी. ए."

मारलं.

"एक."

मी एक मारला. मागून बोटं आली, मनगटावर. "तिकडे कुठे गेलीस?"

"एक मारायला."

"एक तिकडे आहे?"

"वरच्या ओळीत, डावीकडे पहिला. मग कुठे असतो?"

बाईंनी स्वतःचा उजवा हात हवेत धरला, बोटं वाकवली, जणू समोर मशीन आहे. "एक," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांची अनामिका उजवीकडे मधल्या ओळीत खाली आली. 'एल'वर.

तुम्ही ती जुनी मशीनं पाहिली असतील तर आठवेल. त्यांच्यावर आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एकचं बटणच नव्हतं. एक हवा असेल तर छोटा एल मारायचा, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. बाईंनी तीस वर्षं तारखा, पगारपत्रकं, पिनकोड, सगळीकडे एकच्या जागी एल मारलेला आणि हजारो पोरींना तेच शिकवलेलं. मलाही, पण लॅपटॉपवर माझी ती सवय मोडलेली. माणसांनी तो मुकाट एक म्हणून वाचला. हे पहिलंच मशीन असं भेटलं, ज्याने वाचायला नकार दिला.

मी हुकूम दिला. यादी तयार झाली. मशीन बंद करून सुरू केलं. दोन नावं खाली-वर उभी. विंडोज निवडलं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जबान्या आपल्या जागी.

बाई हसायला लागल्या. असं हसू मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, खुर्चीची पाठ धरून. "अगं, म्हणजे माझ्या जन्मतारखेतसुद्धा एल आहे!"

मी पण हसले, आणि हसता हसता रडले. मग म्हटलं, "बाई, मी ओरडले..."

"ओरडलीस ते ठीक. तुझा तो धंदाच आहे. आता दहावी घाल."

दहावी वाचली. अकरावी वाचली. बारावी घातली, तर नुसती खरखर. पुन्हा घातली. खरखर. आजाचं त्या फ्लॉपीवर एक अक्षरही नव्हतं. म्हणजे डिस्क खरंच गेली असती तर...

ते वाक्य बाईंनी मला पुरं करू दिलं नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून स्वतःची नवी कोरी फ्लॉपी काढली, मी आजा त्यावर उतरवला. "आता मोठ्याने वाच," त्या म्हणाल्या. "शेवटच्या ओळीपर्यंत." मी वाचलं. बाई, ज्यांच्या घरात कधी सुकट शिजली नाही, मटाराचं ताट मांडीवर घेऊन माशांची नावं ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "निवटी म्हणजे कसा गं दिसतो?" मी हाताने दाखवला. चिखलात उड्या मारतो, डोळे वर. "गोड असेल," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, तिखटात." त्या दिवशी गावातली बैठक माझ्याविनाच झाली, आणि असं ऐकते की नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

सुनावणीला मी लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर ठेवला, वायर त्यांच्या पंख्याची काढून तिथे लावली. आधी नकाशा दाखवला, मग जबान्या. घाम पुसत साहेबांनी विचारलं, "हे काम कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत?"

"टायपिंगच्या क्लासातून," मी म्हटलं.

पाण्याचे नमुने पुन्हा घ्यायचा हुकूम निघाला. खाडी लगेच स्वच्छ झाली, असं मी खोटं सांगणार नाही. एका खोट्याने मला पुरे झालंय. पण गठ्ठा सापडत नाही, हे उत्तर आम्हाला कोणी पुन्हा दिलं नाही. या वेळी आम्ही पाच प्रती दिलेल्या, आणि प्रत्येकीवर पोच घेतलेली.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी क्लास बंद केला आणि बहिणीकडे सांगलीला गेल्या. क्लासच्या जागी आता शिवणाचं दुकान आहे. गिरणीवाला म्हणतो, पीठ बारीक येतं, पण करमत नाही. बाईंनी उरलेल्या सातांतलं एकच मशीन बरोबर नेलं. कोणतं, ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या पत्रांत 'ई' जरा वर उडालेला असतो.

मी प्रत्येक नवं पत्रक सांगलीला पाठवते. आठ दिवसांत परत येतं. पाकिटावर माझा पत्ता टाईप केलेला, पिनकोडातला एक अजूनही एलच, आणि पोस्टमन बिनतक्रार आणून देतो. आत पत्रकावर पेन्सिलचे गोल, खाली ठोक्यांची बेरीज. गेल्या वेळी फक्त सहा ठोके निघाले. त्याखाली दर वेळी एकच ओळ: "बारा वाचल्या?"

म्हणून पाकीट आलं की मी फ्लॉप्यांचा डबा काढते आणि खाडीकडच्या खिडकीत लॅपटॉप घेऊन बसते. पहिलीपासून सुरू करते. नवव्याला थांबत नाही. बारावी उघडते आणि आजाच्या जबानीच्या तळाशी जाते. तो बोलला तसं सगळं मी उतरवलेलं, त्याचं बोलून झाल्यावरचंही. शेवटची ओळ आहे:

"लिवलंस सगलं? मंग आता वाचून दाखव."

मी मोठ्याने वाचते.